आपलंच हाये वो

भंडारा जिल्ह्यात माझ्या घोडीसारखी घोडी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की बुढा फुशारकी मारून राहिला. फुशारकीच आहे. ज्याच्याजवळ आहे त्याने मारावी.

रंगाने पांढरी, पण दुधासारखी नाही. कानांच्या मागे आणि पोटाखाली धुरकट डाग आहेत. उजवा मागचा पाय जरा फेकून टाकते. वरातीची घोडी आहे. कारध्याकडच्या कितीतरी घरांतले नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेले. त्यांतल्या काहींची पोरं आता शाळेत जातात. पण मला सांगायचं आहे ते वरातीचं नाही. माझ्या पोरीचं आहे. गावात लोक म्हणतात, घोडीने पोरीवर जादू केली. जादू वगैरे काही नाही. जे झालं ते असं झालं.

घोडी माझी म्हणतो, पण तिला तयार केलं माझ्या बायकोने. मी बाजारातून आणली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि घरात झाकण पडलं तरी दावं तोडायला पाहायची. आधीच्या मालकाच्या हातात चाबूक होता, तो मी पाहिला होता आणि तरी घेतली, कारण स्वस्त होती. आठ दिवसांत माझं डोकं फिरलं. अशी घोडी डीजेसमोर काय उभी राहणार?

"वापस नेऊन देतो," मी म्हणालो.

बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा ना जी. तुमाले बी म्या वापस नाई नेऊन देल्लं."

आमच्या अंगणात एका टोकाला विहीर आहे, दुसऱ्या टोकाला कोठा, म्हणजे घोडीचा गोठा. मधे चाळीस पावलं असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिजवलेले चणे घेतले, घोडीच्या मानेपाशी उभी राहिली, आणि मला स्टीलची थाळी आणि पळी देऊन विहिरीपाशी पाठवलं.

"वाजवा."

मी वाजवली. घोडी उडाली. बायकोने तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आपलंच हाये वो. आपलंच."

दारात पाहुणा आला आणि कुत्रं भुंकायला लागलं की आपण त्याला म्हणतो ना, आपलेच आहेत रे, तसंच. घोडीला काय कळणार, असं मला वाटलं. पण चार वेळा वाजवल्यावर तिने एक चणा उचलला. दुसऱ्या दिवशी बायकोने मला एक पाऊल पुढे यायला सांगितलं. एकच. ज्या दिवशी घोडी जास्त घाबरली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊल पुढे नाही, आहे तिथेच. महिना उलटून गेला. रस्त्याने जाणारे हसायचे, बुढीनं बुढ्याले थाळी वाजवाच्या कामावर ठेवलं म्हणून. शेवटी मी घोडीच्या कानाजवळ थाळी बडवत होतो आणि ती डोळे अर्धे मिटून चणे चघळत होती.

तेव्हापासून प्रत्येक वरातीच्या आधी बायको यायची. घोडीला कुंकू लावायची, चणे चारायची, कानात तेवढंच म्हणायची आणि घरी निघून यायची. मग वरातीपुढे संदलवाल्यांचे ढोल वाजोत की फटाक्यांची लड फुटो, घोडी हलायची नाही. लगाम माझ्या हातात असे, लोक मला शाबासकी देत, आणि मी ती घेत असे.

दोन वर्षांपूर्वी धान कापणीच्या दिवसांत बायको गेली. छातीत दुखते म्हणाली, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तोवर आटोपलं होतं. याच्यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नात लड फुटली आणि घोडी दोन पायांवर उभी झाली. नवरदेव आयाळीला लटकला, फेटा नालीत गेला. मी ओरडलो, "थांब! थांब!" ती थांबली नाही. काय म्हणायला पाहिजे ते मला माहीत होतं. शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच अडकले. ते बायकोचे शब्द होते. तिची लुगडी मी घडी करून पेटीत ठेवली, तिच्या चपला उचलल्या, सगळं केलं. ते दोन शब्द मात्र मला उचलता आले नाहीत. त्यानंतर आमच्या घोडीला कोणी बोलावलं नाही. घोडी खराब झाली असं लोक म्हणाले. मीही तेच म्हणालो.

मग रोवणा लागला, धानाची लावणी सुरू झाली. माझी एकुलती एक पोरगी सिहोऱ्याकडे दिलेली आहे. घरची शेती, धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली शेतं, माणसं चांगली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. जावई बांधीत रोवत होता, पोरगी पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या डोक्यावर घेऊन शेताच्या धुऱ्यावरून येत होती. त्याच्यावर वीज पडली. पोरगी त्याच्यापासून दोन बांध्या दूर होती. तिने पाहिलं.

त्या दिवसापासून ती बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. तेरवी झाली, महिना झाला. सासूने तिला तुमसरला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. गोळीने झोप लागायची. पण आभाळ जरा गुरगुरलं की ती धानाच्या कोठीच्या मागे जाऊन बसायची, गुडघ्यांत डोकं घालून, आणि दोन-दोन तास निघायची नाही.

पोळा झाल्यावर सासू तिला आमच्याकडे घेऊन आली. ती बाईही विधवा. आता पोरगाही गेला. अंगणातल्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "इवाई, माह्यं पोरगं तं गेलं. हे तरी वाचली पायजे. बरी झाली तं धाडा. नाई झाली तरी माहीच हाये, मी येऊन पाहीन."

पोरगी भिंतीला टेकून बसली होती, आणि तिची नजर आमच्या कोणावरच नव्हती.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सकाळी तोंड धुवून आलो तर पोरगी उठून ओसरीवर आलेली. चण्यांची वाटी तिच्या हातात. लहानपणापासून आईला पाहत आलेली, तशीच हात लांब करून कोठ्याकडे चाललेली. इतक्या दिवसांत ती स्वतःहून पहिल्यांदा उठली होती. आणि मी म्हणालो, "तू नोको हात लावू. लग्नाची घोडी हाये."

वाटी मी तिच्या हातातून घेतली. घेतली म्हणजे ओढलीच. लग्नाच्या घोडीला विधवेचा हात लागू देत नाहीत, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे असंच आहे, म्हणून माझ्या तोंडातून ते विचार न करता निघालं. घोडीला कोणी बोलावत नव्हतं, तरी निघालं. पोरगी वळली आणि भिंतीपाशी जाऊन बसली. पाच दिवस ती तिथून फक्त जेवायला आणि झोपायला उठली.

शेजारी एक मासे विकणारी बाई राहते. तोंडाची फाटकी, पण माझ्या बायकोची जीवाभावाची. रोज सकाळी टोपलं घेऊन निघताना आमच्या दारात थांबते. त्या सकाळी मी घोडीला चणे चारत होतो. ती पाहत उभी राहिली.

"पोट्टी काहून बसून रायते वो तिकडं? घोडीपाशी येऊ द्या ना तिले."

"लग्नाची घोडी हाये," मी म्हणालो. "तिचा हात चालत नाई."

तिने टोपलं खाली ठेवलं. "मंग तुमचा कसा चालते? तुमी काय सवाशीण हाव काय, बुढाजी?"

मी घोडीच्या तोंडापुढची वाटी मागे घेतली.

"बायको मरून साल होऊन राहिलं," ती म्हणाली. "रोज चारता, रोज चोळता. तुमाले कोनी टोकलं? तुमच्यानं घोडी बाटली नाई, अना त्या लेकरानं बाटन?" मग टोपलं उचललं आणि निघून गेली. जाताना ओरडली, "दुपारी झिंगे ठेवून जातो, रांधून चारा तिले!"

मी चौथीपर्यंत शिकलो. पण एवढा हिशेब मला यायला पाहिजे होता. बायको मेली तर मी रंडवा, नवरा मेला तर पोरगी विधवा. दोघांचं दुःख एकच. हात मात्र तिचेच वाईट! मी वाटी घेऊन पोरीपाशी गेलो, तिच्या मांडीवर ठेवली. माफी वगैरे मागितली नाही, आमच्या घरात तशी रीत नाही. म्हणालो, "मले गुडघ्यानं वाकता येत नाई आजकाल. तू चार."

गुडघा माझा ठीक होता.

त्या दिवसापासून ती कोठ्यात जाऊ लागली. चारायची, खरारा करायची. घोडीला खरारा करताना तिला दुपार व्हायची. तणस झाडून अंथरायची. मी काही बोलत नव्हतो. बाकी सगळे बोलत होते. येणारा प्रत्येकजण तिला विचारायचा, आता बरं वाटते काय? थोडं तरी बोल ना माय. मावश्या यायच्या, काक्या यायच्या, हनुवटी धरून रडायच्या. त्या गेल्या की पोरगी आणखी बारीक झालेली दिसायची. घोडी काहीच विचारत नव्हती. मान पुढे करायची, खाजवून घ्यायची, आणि खाजवणं थांबलं की नाकाने ढुसणी द्यायची.

हस्त नक्षत्राचा पाऊस आमच्याकडे गडगडाट घेऊन येतो. एका दुपारी मी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीखाली गवत कापत होतो आणि पश्चिमेकडून काळं आभाळ चढलं. पोरगी घरी एकटी होती. विळा तिथेच टाकून मी धावत सुटलो. या वयात धावणं म्हणजे काय ते धावणाऱ्यालाच माहीत. घरात गेलो, कोठीच्या मागे पाहिलं. नव्हती. खाटेखाली पाहिलं. नव्हती. विहिरीत पाहिलं. खोटं कशाला बोलू, विहिरीतही पाहिलं.

मग कोठ्याकडे वळलो तर ती घोडीपाशी उभी होती. कपाळ घोडीच्या मानेला टेकवलेलं, दोन्ही हात आयाळीत. थरथरत होती. घोडीही थरथरत होती. दावं ताणलेलं, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. मला वाटलं, आता ही उधळली तर पोरगी पायाखाली जाईल. मी एक पाऊल टाकलं आणि तेवढ्यात असं कडाडलं की कौलं वाजली.

आणि पोरीचा आवाज आला. "आपलंच हाये वो. आपलंच."

रोवण्यापासून तिच्या तोंडातून निघालेले ते पहिले शब्द. आवाज आईचाच, तसाच जरा घोगरा. घोडीचा कान आधी वळला. मग मान खाली आली. पोरीने पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. दर कडकडाटाला म्हणत होती. थोड्या वेळाने दोघींचा श्वास एकसारखा वरखाली व्हायला लागला. मी पावसात उभा होतो. आत गेलो असतो तर काहीतरी तुटलं असतं असं मला वाटलं, म्हणून गेलो नाही. भिजलो. रडलो नाही. रडलो असतो तर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच गाढवपणा केला. तिला विचारायला गेलो, "बरं वाटते काय आता?" तिने तोंड फिरवलं. मग मी तोंड बंद ठेवायला शिकलो. सत्तरीच्या वर शिकलो, पण शिकलो.

ती घोडीशी बोलायची. कोठ्यातून आवाज यायचा, मी ओसरीवर बसून ऐकत नसल्यासारखं ऐकायचो. सरक वो, पाय उचल वो, किती मळवलं वो. कधी हळू आवाजात आणखी काही बोलायची, ते मला ऐकू येत नव्हतं आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. माझ्याशी बोलायला तिला आणखी पंधरा दिवस लागले. पहिलं वाक्य होतं, "बाबा, खरारा तुटला हाये."

मी त्याच घटकेला पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो आणि दोन घेऊन आलो.

गोळ्या आम्ही बंद केल्या नाहीत. हे लिहून ठेवतो, नाहीतर कोणी आपल्या पोरीला गोळ्या सोडून घोडीपाशी बांधेल. डॉक्टरकडे दर महिन्याला नेत होतो. घोडी डॉक्टर नाही. पण डॉक्टरनेही एकदा विचारलं की हिच्यात एवढा फरक कशाने पडला. मी सांगितलं, घोडीनं. तो हसला नाही. म्हणाला, तिला घोडीपासून तोडू नका.

थंडी पडली. एका सकाळी खरारा करता करता पोरगी म्हणाली, "बाबा, इकडं या. इथं हात ठेवा." माझा हात धरून तिने घोडीच्या खांद्यावर ठेवला. "आता टाळी वाजवतो."

तिने टाळी वाजवली. घोडी हलली नाही, पण माझ्या हाताखाली कातडीतून एक लाट गेली, पाण्यात खडा टाकल्यासारखी.

"समजलं?" ती म्हणाली. "ते भिते. आधीपासूनच भितच व्हती. आई होती तईबी. आई म्हणे म्हणून भिऊन बी उभी राहे."

इतकी वर्षं लगाम माझ्या हातात होता. मला वाटायचं थाळी वाजवून वाजवून आम्ही घोडीची भीती काढून टाकली. शाबासकी मी घेतली होती, आणि घोडी आतून काय करत होती हे मला माहीतच नव्हतं. पोरीला मात्र कळलं. ती स्वतः तशीच उभी होती ना.

"थाळी आना," ती म्हणाली.

"कायले?"

"आना ना तुमी."

मग पुन्हा तेच. मी विहिरीपाशी थाळी-पळी घेऊन, ती घोडीच्या मानेपाशी. मासेवाली दारातून ओरडली, "बुढाजी, लागले काय पुन्हा नोकरीवर?" मी वाजवायचो. पहिल्या दिवशी आवाज झाला तशी पोरीच्या हातातून वाटी पडली, चणे मातीत. दुसऱ्या दिवशी मी पाऊल पुढे टाकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिनेच बोटाने खूण केली, या. आता मी कोणाला शिकवत होतो, घोडीला की पोरीला, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण एक मला दिसत होतं. पोरीचा श्वास जोरात झाला की घोडी पाय आपटायची. म्हणून घोडीसाठी पोरीला आपला श्वास लांब करावा लागायचा. स्वतःसाठी तिने तो केला नसता. संक्रांत उलटली तेव्हा मी कानाजवळ थाळी वाजवत होतो आणि दोघी उभ्या होत्या. एक चणे खात होती, दुसरी माझ्याकडे पाहून हसत होती. तिचं हसणं सिहोऱ्याहून आल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उन्हाळ्यात जवळच्याच एका गावातून एक बाप आला. पोराचं लग्न, ठरवलेली घोडी आजारी पडली, दुसरी मिळत नाही. मी सांगितलं, "माही घोडी येईन. पण लगाम माही पोरगी धरन." तो घाईत होता, हो म्हणाला.

पोरीने आदल्या रात्रीच मला सांगून ठेवलं होतं, "मले भेव लागलं तं मी तुमाले सांगीन. तुमी सोताहून मले बाजूले नोका करू." बरं म्हणालो. झूल घातली, घुंगरं बांधली, गेलो. दारात मांडव, बाहेर डीजेची गाडी. मला बसवलं, चहा दिला. नवरदेव चढला. बाया ओवाळायला आल्या, आणि त्यांतल्या एकीने, नवरदेवाची मावशी होती ती, पोरीच्या कपाळाकडे पाहिलं. मोकळं कपाळ.

"हे कोन? हिच्या हाती लगाम कोनं देल्ला?"

"मी देल्ला," मी म्हणालो. "माही पोरगी हाये."

"बिनाकुंकवाची बाई शुभ कामात पुढं उभी करता? अक्कल हाये का नाई? बाजूले करा तिले!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "मावशी, माही बायको बी मेली हाये. मी रंडवा हाव. मले तं आत्ता तुमी खुर्ची देल्ली, चहा देल्ला. माह्या हातानं झूल घातली तं अपशकुन नाई झाला, अना हिच्या हातानं लगाम धरला तं व्हते? मले बी बाजूले करा मंग. घोडी बी नेतो."

मी खरंच लगामाकडे हात नेला. पण पोरीने माझा हात हलकेच बाजूला केला. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. आता ती कोठीच्या मागे जाईल तशी बसून जाईल असं मला वाटलं. ती मावशीकडे वळली आणि सरळ बोलली.

"मावशी, घोडी भिते. मी कानात सांगतो तं उभी रायते. मी सोडलं तं तुमचा नवरदेव खाली पडन. तुमाले काय पायजे ते तुमी सांगा."

माझ्या पोरीने हे शंभर माणसांसमोर म्हटलं. तीन महिने जिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता, तिने. बोलण्याची तऱ्हा माझी आणि आवाज तिच्या आईचा! मी आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

वरून नवरदेव केविलवाणा बोलला, "राहू द्या ना वो मावशी. मले पडाचं नाई."

कोणीतरी फिसकन हसलं. मग नवरदेवाची आई पुढे आली, मावशीच्या हातातलं ताट घेतलं, घोडीला ओवाळलं, आणि भिजल्या डाळीची वाटी माझ्या पोरीच्या हातात दिली. "चार माय तूच. तुले ओळखते ते." मावशी मागे गेली. जेवायच्या वेळी तीच मला म्हणाली, घोडी बाकी चांगली हाये. मी म्हटलं, पोरगी बी.

डीजे सुरू झाला. चौकात पोट्ट्यांनी लड लावली, लांबच लांब. मी दोन हातांवर होतो. घोडीच्या खांद्यावरून लाट गेलेली मला दिसली. आता मला ती दिसते. पोरीच्या मनगटावरही काटा आला होता. तिने तोंड कानापाशी नेलं. काय म्हणाली ते त्या आवाजात ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला पाठ होतं. लड पूर्ण फुटली. धूर झाला. धुरातून घोडी निघाली, उजवा मागचा पाय जरा फेकत, आणि तिच्या मानेपाशी माझी पोरगी. आईने हे कधी केलं नव्हतं. आई कानात सांगून घरी यायची. ही फटाक्यांच्या मधून घेऊन गेली.

मृग सरत आला तशी तिची सासू आली. येताना तांदूळ आणि मोहाची फुलं घेऊन आली. "न्याले नाई आली," बसता बसताच म्हणाली. "पाहाले आली."

पोरगी घोडीला पाणी पाजत होती. तिथूनच म्हणाली, "पऱ्हे टाकले काय?"

"टाकले. चांगले आले हायेत."

"मंग रोवण्याले मी येतो."

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. सालभर मला हेच पाहिजे होतं, आणि आता मलाच ते नको झालं होतं. तीच बांधी, तोच धुरा, तेच दिवस. मी म्हणालो, "घाई काय हाये? पुढच्या साली जाजो."

"बाबा," ती म्हणाली, "बांधी माही हाये. मले तिथं उभं राहाचं हाये." मग हात पुसत आली. "पण मी अशी नाई जात. मी गेली तं घोडीले कोन सांगन? लगनं येतीन, फटाके येतीन. तुमी थांब-थांब ओरडता. तुमाले म्हणता आलं पायजे."

"मले येते."

"म्हणून दाखवा."

मी उठून चिलीम शोधायला लागलो. चिलीम सोडून मला सहा वर्षं झाली.

"नाई म्हणलं तं मी नाई जात," ती म्हणाली आणि घरातून थाळी-पळी घेऊन विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. जिथे मी उभा राहायचो तिथे. "जा, मानेपाशी उभे व्हा."

सासू खाटेवर मांडी घालून नीट बसली. मासेवाली टोपलं घेऊन दारात थांबली होतीच, तिला अशा वेळी कोण बोलावते काय माहीत. "बुढाजी, लाजता कायले? बायकोचंच तं बोलणं हाये, दुसऱ्या कोनाचं हाये काय?"

मी घोडीच्या मानेवर हात ठेवला. गरम होती. पोरीने थाळी वाजवली. हाताखालून लाट गेली, घोडीचा कान माझ्याकडे वळला. वाट पाहत होता तो कान. पोरीने पुन्हा वाजवली. घशात जे होतं ते होतंच, ते गेलं नव्हतं. पण घोडी तरी भीती गेल्यावर थोडीच उभी राहत होती?

"आपलंच हाये वो," मी म्हणालो.

आवाज फाटला. मासेवाली हसली नाही. घोडीने मान खाली केली आणि माझ्या खिशात नाक घातलं, चणे शोधायला.

"आणखी एकडाव," पोरगी विहिरीपासून म्हणाली, आणि एक पाऊल पुढे आली.

चार दिवसांनी सासूबरोबर ती गेली. बसस्टॉपपर्यंत मी घोडी घेऊन गेलो होतो. गेलो तर काय झालं. रोवण्यात तिचा फोन आला. दुपारी ढग आले होते, गडगडलं होतं. तिने डोक्यावरची पेंढी धुऱ्यावर ठेवली, रोवणाऱ्या सगळ्या बायांना बांधीतून बाहेर काढलं, सासूचा हात धरला आणि घरी घेऊन आली. "धावली नाई बाबा," म्हणाली. "भेव लागलं. पण धावली नाई. बाया म्हणे, तुह्यामागं मागं आलो म्हणून आमी बी नाई धावलो."

फोन ठेवून मी कोठ्यात गेलो आणि घोडीला सगळं सांगितलं. मासेवालीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला खरारा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलंही नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं.